दुसऱ्यांची गाणी, आपला अल्बम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाण्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणांविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून जे छापून येते, त्याचा सूर साधारणपणे असा असतो की ज्याच्याजवळ स्वतःचे काही उरलेले नाही तो दुसऱ्यांची गाणी गाऊन अल्बम काढतो आणि श्रोता केवळ आठवणींच्या मोहापायी तो ऐकतो. यातले पहिले विधान पुष्कळ अल्बमांच्या बाबतीत खरे आहे. दुसरे मात्र मला पटत नाही, आणि ज्या शहरात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम वर्षभर चालतात त्या इंदूरचा एक श्रोता म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटते.

एखाद्या गायकाने दुसऱ्याचे एखादे गाणे गायले तर तो मैफलीतला एक प्रसंग असतो. त्याच गायकाने दहा-बारा गाणी निवडली, त्यांचा क्रम लावला आणि ती एकाच वाद्यमेळात, एकाच मनःस्थितीत गायली, की त्या निवडीतून त्याचे मत उभे राहते: तो आपला पूर्वज कोणाला मानतो, त्या पूर्वजाचे काय घेतो आणि काय बाजूला ठेवतो. नव्याकोऱ्या गाण्यात शब्द, चाल आणि आवाज ही तिन्ही आपल्याला एकदमच भेटतात, त्यामुळे मनाला नेमके काय भावले हे वेगळे काढता येत नाही. गाणे आधीपासून ठाऊक असले म्हणजे शब्द आणि चाल जागच्या जागी राहतात, आणि जे बदलले ते सारे या गायकाचे, हे कुणी न सांगताही कळते. अशा अल्बमाचे आकर्षण मला या तुलनेत दिसते. आठवणींचा त्यात वाटा असतो, पण तो प्रवेशापुरता.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी घालून दिले आहे. लहानपणी कुमारांची ख्याती होती ती थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून. पुढे मुंबईला प्रा. बा. र. देवधरांकडे रीतसर शिक्षण झाले, क्षयाच्या आजारात १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यात आले, काही वर्षे गाणे बंदच होते, आणि ते पुन्हा सुरू झाले तेव्हा आवाजाची फेक, वाक्यांची लांबी, सारेच बदललेले होते. अशा या गायकाने १९६५ मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला आणि पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. आजच्या भाषेत बोलायचे तर तो कव्हर गाण्यांचा, म्हणजे दुसऱ्याने आधी गायलेली गाणी नव्याने गाण्याचा, अल्बम आहे. शिवाय ज्यांची ती गाणी होती ते बालगंधर्व त्या वेळी हयात होते. त्यांचे निधन १९६७ मध्ये झाले.

हुबेहूब गाणे ज्याला बालपणीच साधले होते, त्याने इथे हुबेहूबपणाचा मोह कसा टाळला हे ऐकण्यासारखे आहे. बालगंधर्वांचे गाणे सलग वाहणारे, शब्दाला न दुखावता लयीत अलगद बसणारे. कुमारांचे वाक्य त्या मानाने आखूड, कधी एकदम वर उसळणारे, मध्येच थांबून ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावणारे. बालगंधर्वांच्या आवाजाचा पोत आपल्याला घेता येणार नाही हे कुमारांनी मान्यच केलेले दिसते. त्यांनी घेतले ते त्या गाण्यातले स्वरांचे लगाव, शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा याचे भान, आणि समेवर येण्यातला तो निर्व्याज आनंद. आणखी एक फरक तंत्राचा आहे. बालगंधर्वांची पदे मुद्रित झाली ती जुन्या तबकड्यांवर, जिथे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे जागा नसे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत तेच पद कितीतरी लांबत असे. तेव्हा तबकडीवर जे उरले ते मूळ गाण्याचे आकसलेले रूप होते, आणि पुढच्या पिढीने तेच मूळ म्हणून पाठ केले. हे ध्यानात घेतले की कुमारांच्या विस्ताराकडे स्वैरपणा म्हणून पाहता येत नाही. तबकडीने जे कापले होते त्यातले काही त्यांनी आपल्या पद्धतीने परत दिले.

मुळात ती पदे तरी कितपत ‘मूळ’ होती? बालगंधर्वांनी गाजवलेल्या नाटकांपैकी ‘संगीत मानापमान’ १९११ चे आणि ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चे. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखल्यांच्या, आणि दोघांनीही ख्यालाच्या बंदिशी, ठुमऱ्या अशा प्रचारातल्या चिजांचा आधार मोकळेपणाने घेतला. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेला असतो, आणि पद ज्या गाण्यावर बेतले त्याचा पहिला शब्दही ‘चाल’ म्हणून कंसात छापलेला असतो. आपण कोणाचे काय घेतले हे सांगण्यात त्या लोकांना कमीपणा वाटला नाही. ज्या परंपरेत एकच बंदिश सात पिढ्या गातात आणि तरीही प्रत्येक गवयाचा यमन वेगळा असतो, तिच्या श्रोत्यांनी कव्हर गाण्यांच्या अल्बमाला उसनवारी म्हणावे याचे मला नवल वाटते.

‘गीतरामायणा’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा ती वेगवेगळ्या आवाजांत होती. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे अनेक जण त्यात गायले. पुढे सुधीर फडके यांनी सगळी गीते स्वतःच्या आवाजात मुद्रित केली आणि आज आमच्या घराघरांत ‘गीतरामायण’ म्हणजे बाबूजींचाच आवाज आहे. चाली त्यांच्याच होत्या, त्यामुळे याला कव्हर म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण परिणाम ऐकावा. नभोवाणीवर सीता, कौसल्या, दशरथ ही पात्रे आपापल्या आवाजांत बोलत होती. ध्वनिमुद्रिकेत एकच निवेदक सगळ्यांचे मन सांगतो. नाट्य थोडे कमी झाले आणि कथेला कीर्तनाचा एकजीवपणा आला. मला दुसरे रूप अधिक प्रिय आहे, कदाचित सवयीने. परंतु पहिले कानावर आल्याशिवाय दुसऱ्यात बाबूजींनी काय केले हे पुरते कळत नाही, हे मात्र खरे.

परदेशातील उदाहरणे थोडक्यात देतो. एला फिट्झेराल्ड या जॅझ गायिकेने १९५६ ते १९६४ या काळात एकेका गीतकार-संगीतकाराला वाहिलेले आठ संग्रह गायले. त्यातला पहिला कोल पोर्टरचा. गर्शविन बंधूंचा संग्रह तर पाच तबकड्यांचा झाला. नाटकांतून आणि चित्रपटांतून विखुरलेली ही गाणी तिच्या संग्रहांमुळे एका रचनाकाराचे काम म्हणून सलग ऐकता आली. जॉनी कॅश या कंट्री गायकाने १९९४ पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत रिक रुबिन या निर्मात्याबरोबर जे अल्बम केले त्यांत दुसऱ्यांची गाणी भरपूर आहेत. ट्रेंट रेझ्नर या तरुण रॉक संगीतकाराने लिहिलेले स्वतःला इजा करून घेण्याचे एक गाणे कॅशने २००२ मध्ये गायले, तेव्हा तो सत्तरीचा होता आणि आजारी होता. शब्द जवळपास तेच. पण तरुणाच्या तोंडी जी निराशा होती ती म्हाताऱ्याच्या तोंडी जमाखर्चाची वही झाली. वर्षभरातच तो गेला.

आता टीकेतला खरा भाग. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा जुन्या चित्रपटगीतांचा बहुतेक साठा एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ताब्यात होता आणि मागणीच्या मानाने बाजारात येणारा माल थोडा नि महाग होता. त्या काळच्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटली की सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणे नव्या गळ्यातून मुद्रित करता येत असे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने हा रस्ता पुरेपूर वापरला. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी गायली, सुरुवातीच्या काळात सोनू निगम यांनी रफींची गायली. वाद्यमेळ तोच, लय तीच, हरकतीही शक्य तितक्या त्याच, कारण गिऱ्हाईकाला मूळ गाणेच हवे होते आणि ते परवडत नव्हते म्हणून तो हे घेत होता. गायकांच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही, पण त्यांच्याकडून मागितले गेले ते साम्य. कव्हर अल्बम म्हटले की आपल्या पुरवणीतल्या लेखकांच्या डोळ्यांपुढे याच कॅसेटी येत असाव्यात.

परंतु त्या कॅसेटींना जन्म देणारी परिस्थिती आज राहिलेली नाही. मूळ गाणे खिशातल्या फोनवर तत्काळ लागते. साम्याची गरजच संपल्यावर निव्वळ नक्कल कोण का ऐकेल? मूळ हाताशी असताना लोक दुसरे रूप ऐकतात ते फरकासाठीच, आणि एका पाठोपाठ एक ऐकून ताडून पाहणे आज जितके सोपे झाले आहे तितके ते पूर्वी तबकड्यांचा मोठा संग्रह असलेल्या रसिकालाही नव्हते. म्हणूनच कव्हर अल्बमाला खरे तर आता दिवस आले आहेत, असे मला वाटते.

नक्कल कुठेच योग्य नसते असे मात्र नव्हे. ‘बालगंधर्व’ चित्रपटात २०११ मध्ये आनंद भाटे यांनी पदे गायली ती पडद्यावरील बालगंधर्वांना आवाज देण्यासाठी. तिथे साम्य ही भूमिकेची मागणी होती, ती त्यांनी नेकीने पुरी केली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कुमारांचे बालगंधर्व आणि भाट्यांचे बालगंधर्व लागोपाठ ऐकले की दोन भिन्न कामे म्हणजे काय ते लख्ख कळते. त्यात अधिक-उणे लावण्याचे कारण नाही.

इंदूरकर म्हणून लताबाईंच्या ‘श्रद्धांजली’ संग्रहाचा उल्लेख टाळता येत नाही. जिचा आवाज सगळ्यांनी गिरवला, त्या आमच्या गावात जन्मलेल्या गायिकेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सैगल, पंकज मलिक, मुकेश, रफी, किशोरकुमार अशा इतरांची गाणी गायली. वाद्यमेळ मला फार दाट वाटतो आणि आवाजाचे वयही लपत नाही. तरीही सैगलांच्या गाण्यात ती जेव्हा मुद्दाम काहीच करत नाही, तेव्हा लहानपणी ते गाणे तिने किती ऐकले असेल हे जाणवते. आशाबाईंनी वडिलांची, दीनानाथांची, तडफदार मर्दानी नाट्यपदे गायली आहेत; त्यांत ही अडचण मुळीच नाही, आणि बाईच्या गळ्यात ती पदे अधिक धारदार होतात असे माझे मत आहे. घरी यावर एकमत नाही.

आमच्या शहरातील प्रथेबद्दलही बोलले पाहिजे. रवींद्र नाट्यगृहापासून वसाहतींच्या छोट्या सभागृहांपर्यंत रफी, किशोर, मुकेश, आशा यांच्या नावाने गाण्यांचे कार्यक्रम होत असतात, गणेशोत्सवात राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग इथेही होतात, आणि त्यांतले बहुतेक कार्यक्रम आता कराओके ट्रॅकवर चालतात. हौस मोठी आहे आणि काही गळे खरोखर तयारीचे आहेत. अडचण ट्रॅकची आहे. ट्रॅकमध्ये लय, अंतऱ्यापूर्वीचे वाद्यसंगीत, पट्टी, अगदी श्वास घेण्याची जागासुद्धा आधीच ठरलेली असते. गायकाला एखाद्या शब्दावर क्षणभर थांबावेसे वाटले तरी यंत्र थांबत नाही. मग त्याच्यापुढे साम्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही, आणि श्रोतेही ‘अगदी रफीच’ म्हणून टाळ्या देतात. याच गायकाला एक तबला, एक हार्मोनियम आणि आपल्या आवडीची आठ गाणी निवडण्याची मोकळीक दिली तर काय होईल, हे पाहण्याची संधी आयोजक फार क्वचित देतात.

कायद्याचीही यात गंमत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आले. आता मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते, प्रत्येक कृतीसाठी दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, वेष्टनावर हे कव्हर असल्याचे नमूद करावे लागते आणि मूळ कलाकाराच्या नावाने वा चित्राने गिऱ्हाईकाची दिशाभूल करता येत नाही. शेवटच्या दोन अटी स्वागतार्ह आहेत. परंतु याच कलमात असेही आहे की मालकाने किंवा त्याच्या संमतीने पूर्वी न झालेला आणि ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल शब्दांत वा संगीतात करता येणार नाही. म्हणजे जो जसेच्या तसे गातो त्याला कायद्याने आपोआप परवाना, आणि जो विचार करून वेगळे गातो त्याने मालकाची वेगळी संमती मिळवावी! पन्नास हजारांची अट मराठी भावगीतांच्या छोट्या अल्बमाला झेपणारी नाही हे उघड आहे. एखाद्या भाषेतील कृतींचा संभाव्य प्रसार पाहून ही संख्या कमी ठरवण्याची मुभा त्या कलमातच आहे, तेव्हा मराठी संगीत संस्थांनी ती मागितली पाहिजे.

तोपर्यंत एक मोठा साठा कोणाच्याही संमतीशिवाय खुला आहे. आपल्याकडे कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पदांचे शब्द २००९ पासून सर्वांचे झाले; भास्करबुवा १९२२ मध्ये गेले, तर टेंबे १९५५ मध्ये, त्यामुळे त्यांच्या चालीही आता मुक्त आहेत. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांतील पदे कोणत्याही तरुण गायकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावीत, हव्या त्या वाद्यांवर मुद्रित करावीत, त्यात कोणाचीही आडकाठी नाही. नाट्यसंगीत जपायचे म्हणजे जुनी तबकडी सहीसही उतरवायची, हा समज तेवढा दूर झाला पाहिजे.

आपल्याकडे माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. पुरवणीत अशा अल्बमाचे परीक्षण छापताना प्रत्येक गाण्याचा कवी, संगीतकार आणि प्रथम गायक यांची नावे द्यावीत. फोनवरील अ‍ॅपमध्ये अनेकदा फक्त नव्या गायकाचे नाव दिसते आणि नव्या पिढीतील मुलांना ते गाणे त्याचेच वाटते. दुसरे असे की परीक्षकाने ‘मूळची सर नाही’ एवढ्यावर न थांबता लय, पट्टी, वाद्ये, गाळलेली किंवा परत आणलेली कडवी यांत काय बदलले ते लिहावे आणि मग खुशाल नापसंती दर्शवावी. इंदूरच्या गणेशोत्सव मंडळांनाही मी हेच सुचवणार आहे. त्यांची कार्यक्रमपत्रिका छापली जातेच. त्यात गाण्याच्या ओळीखाली तीन नावांची आणखी एक ओळ सहज मावते.

आपला नम्र,
एक वाचक
राजेंद्र नगर, इंदूर